‘शाळकरी गंमत’ म्हणणाऱ्या वाचकांस उत्तर

12345678987654321 या संख्येवरील, म्हणजे नऊ एककांच्या (111111111 च्या) वर्गावरील, माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे असे, की विभाजकांची संख्या मी चुकीची दिली, नऊऐवजी दहा एककांचा वर्ग केला की नमुना मोडतो हे दडवले, 333667 ही मूळ संख्या असल्याचे नुसते ठोकून दिले, आणि ‘एकंदर लेख म्हणजे शाळकरी गंमत असून गणिताशी त्याचा संबंध नाही.’

पहिली चूक मान्य. 3⁴ × 37² × 333667² या अवयवांवरून विभाजक 5 × 3 × 3, म्हणजे 45 येतात. टंकताना 54 झाले. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते, तेव्हा ही चूक अज्ञानाची नसून बोटांची आहे हे आपल्यासारख्या जाणकाराच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

प्रश्न ‘शाळकरी’ या शब्दाचा आहे. सोलापुरात 31 वर्षे मी शाळेतच गणित शिकवले. माझे वडील चादरीच्या मागावर होते. चौकटीच्या कागदावर नक्षी अर्धीच काढायची आणि मध्यरेषेपासून उलटी फिरवायची, हे मी त्यांच्या मांडीला मांडी लावून पाहिले आहे, आणि म्हणूनच मधल्या 9 पासून दोन्हीकडे उतरत जाणारे अंक फळ्यावर लिहिताना मला त्यात कधी पोरखेळ दिसला नाही. अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव देणारे द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तरच होते, आणि ते नावही त्यांनी एका रेल्वे स्थानकावरून घेतले. त्यांच्याही कामाला येथील काही गणितज्ञ क्षुल्लक म्हणत असत. आज 6174 ही संख्या जगभर त्यांच्या नावाने, ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून, ओळखली जाते. (मी स्वतःला त्यांच्या पंक्तीला बसवीत नाही, तसे म्हणण्याची संधी आपण सोडणार नाही, म्हणून आधीच सांगतो.)

राहिले ‘ठोकून देणे’. 333667 × 2997 = 999999999, म्हणून ज्या मूळ संख्येने 333667 ला पूर्ण भाग जातो, तिने 999999999 लाही जातोच. त्यामुळे अशी मूळ संख्या 3 किंवा 37 नसेल, तर फर्माच्या (मूळ संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाकीविषयीच्या) लघुप्रमेयानुसार तिला 18 ने भागल्यावर बाकी 1 च उरली पाहिजे. 333667 च्या अंकांची बेरीज 28, म्हणून 3 बाद. 333667 चे वर्गमूळ 578 च्या आत आहे, आणि तिथपर्यंत अशा मूळ संख्या, 37 धरून, फक्त 17 आहेत. ते सतरा भागाकार मी काल रात्री वीजबिलाच्या पाठीवर पेन्सिलीने केले. 37 ला बाकी 1 उरते; शेवटच्या 577 ला 577 × 578 = 333506, बाकी 161. एकही भाग पूर्ण गेला नाही.

दहा एककांचा वर्ग 1234567900987654321 येतो. मध्यभागी हातचा आला की असे होणारच. मथळ्यात ‘नऊ एकक’ असे स्पष्ट लिहिले असताना यात दडवण्याजोगे काय होते, हे मला समजलेले नाही.

पुढील प्रतिक्रिया लिहिण्यापूर्वी आपण यातील एखादा तरी भागाकार स्वतः करून पाहावा. 19 पासून सुरुवात केल्यास बाकी 8 येईल.