फारोच्या रथांची चाकं आणि खरोखरचा पुरावा

"तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाकं सापडली, मोशेने समुद्र दुभंगल्याचं सिद्ध झालं, शास्त्रज्ञ मात्र हे दडपतात." पोवळ्यांनी वेढलेल्या चक्राचा फोटो लावून हा मेसेज पुन्हापुन्हा फिरतो. तो बोलतो बायबलमधल्या 'निर्गम' या कथेबद्दल: मोशेने इस्राएली लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढलं, समुद्र दुभंगून त्यांना वाट मिळाली, आणि पाठलाग करणारं फारोचं, म्हणजे मिसरी राजाचं, सैन्य बुडालं. बायबलमधल्या इतिहासाला भक्कम पुरावे आहेत आणि असल्या मेसेजांमुळे तेच झाकले जातात, म्हणून हे उत्तर.

"चाकं सापडली." हा दावा रॉन वायट यांचा. ते अमेरिकेतले भूल देणारे परिचारक, पुरातत्त्वज्ञ नव्हेत. १९७८ पासून तांबड्या समुद्राच्या अकाबाच्या आखातात, मिसरच्या किनाऱ्यावरच्या नुवेबाजवळ त्यांनी बुड्या मारल्या. नोहाचं तारू आणि कराराचा कोशही (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) आपल्यालाच सापडल्याचं ते सांगत. १९९९ मध्ये ते वारले. आज जाऊन तपासता येईल असं त्यातलं एकही चाक कोणत्याच संग्रहालयात नाही. तुतनखामेन या फारोच्या थडग्यातल्या सहा रथांची चाकं लाकडाची आहेत. समुद्रात उघड्या पडलेल्या लाकडाला किडे पोखरतात, आणि पोवळी गोलाकारही वाढतात. फोटोवरून आत काय आहे ते कळत नाही.

"तिथे पाण्याखाली उथळ वाट आहे." त्या ठिकाणी आखात सातशे मीटरहून जास्त खोल आहे.

"मिसरी सैन्याचे सांगाडेही मिळाले." ही २०१४ ची बातमी 'वर्ल्ड न्यूज डेली रिपोर्ट' या साइटची, आणि ती साइट रचलेल्या बातम्याच छापते. शिवाय त्या बातमीतली जागा सुएझच्या आखातातली. मेसेजमध्ये दोन वेगळी आखातं एक झालीत!

"शास्त्रज्ञ दडपतात." हे वाचून खरंच वाईट वाटतं. १९९३ मध्ये उत्तर इस्राएलात तेल दान इथे अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात इसवी सनपूर्व नवव्या शतकातला अरामी शिलालेख मिळाला. त्यात 'दावीदाचं घराणं' असे शब्द आहेत. बायबलमधला राजा दावीद ही दंतकथाच, असं म्हणणाऱ्या अभ्यासकांची त्याने पंचाईत केली. तो लगेच प्रसिद्धही झाला.

आणि यरुशलेमचा शिलोहाचा पाण्याचा बोगदा! ५३३ मीटर, अखंड खडकातून खोदलेला. बायबलच्या २ राजे २०:२० मध्ये यहूदाच्या हिज्कीया राजाने नगरात पाणी आणल्याचा उल्लेख आहे. १८८० मध्ये बोगद्याच्या भिंतीवर सापडलेला लेख खोदणाऱ्यांच्या बाजूने बोलतो: दोन टोळ्या समोरासमोरून खोदत आल्या, तीन हात खडक उरला असताना पलीकडून हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहू लागलं. लेखात राजाचं नाव नाही, हेही सांगायला हवं. तरी अक्षरांची धाटणी हिज्कीयाच्या काळाशी जुळते.

"निर्गम सिद्ध झालं." नाही झालं. मिसरी लेखांतला इस्राएलचा सर्वात जुना निर्विवाद उल्लेख मेर्नेप्ताह फारोच्या शिळेवर, इसवी सनपूर्व १२०८ च्या सुमाराचा. फ्लिंडर्स पेट्री यांना ती १८९६ मध्ये मिसरातल्या थीब्ज या प्राचीन नगरीत मिळाली. फारो तीत इस्राएलचा नाश केल्याची फुशारकी मारतो. म्हणजे त्या काळी कनानात (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भागात) इस्राएल नावाचे लोक होते, हे पक्कं. ते मिसरातून कसे निघाले, याबद्दल शिळेवर एक अक्षर नाही.