सुधीररावांचा पिवळा टॉवेल

२५ डिसेंबरला न्यू जर्सीत आमच्यासारख्यांनी करायचं काय, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. चर्चला जायचं नसतं. मॉल बंद, ऑफिस बंद, आणि बाहेर अशी थंडी की कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेऊन आलं तरी पराक्रम वाटावा. सण दुसऱ्याचा, सुट्टी मात्र आपली. अशा दिवशी घरात माणसं सहा आणि चालू टीव्ही एक असला की काय होतं, ते मी २०२४ साली भोगलं.

टीव्ही तसे दोन होते. दुसरा मी स्वतः भिंतीला लावला होता. त्यावर यापुढे काही बोलणार नाही.

सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, म्हणून थोरले साडू सुधीरराव आणि मेहुणी पिट्सबर्गहून सहा तास गाडी हाकत आले. सुधीरराव गेली वीस वर्षं त्या गावात आहेत आणि स्टीलर्स या फुटबॉल संघाचे भक्त आहेत. भक्त म्हणजे माळकरी. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकेतला, पायाचा चेंडूशी फारसा संबंध नसलेला. नेमका नाताळच्या दिवशी दुपारी एक वाजता स्टीलर्सचा सामना होता, तोही पिट्सबर्गमध्येच. सामना त्यांच्या गावात आणि ते आमच्या सोफ्यावर! सासूसाठी जावयानं याहून मोठा त्याग केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. येताना त्यांनी एक पिवळाधमक टॉवेल आणला होता. १९७५ साली तिथल्या एका रेडिओ समालोचकानं संघाला जोर यावा म्हणून टॉवेल फिरवायची टूम काढली, तेव्हापासून अख्खं स्टेडियम तो गरगर फिरवतं. सुधीररावांचा टॉवेल कधी अंग पुसायला वापरलेला नव्हता. सोवळ्यात ठेवावा तसा तो वेगळ्या पिशवीत आला.

दुसऱ्या बाजूला आमचे तेरा वर्षांचे चिरंजीव. हे बास्केटबॉलवाले आणि निक्सवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या निक्स या बास्केटबॉल संघाचे. फुटबॉलचे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ खेळतात आमच्या न्यू जर्सीत आणि नाव लावतात न्यूयॉर्कचं. डोंबिवलीत राहून ‘आम्ही मुंबईचे’ म्हणावं, तसं. निक्स निदान खरोखर न्यूयॉर्कमध्ये खेळतात, एवढा युक्तिवाद त्याला पुरे होता. निक्सचा सामना बारा वाजता. म्हणजे बारा ते एक शांतता, एकनंतर युद्ध.

“काका, ख्रिसमस बास्केटबॉलचा असतो,” चिरंजीवांनी पहिला बाण सोडला. “१९४७ पासून. निक्स तेव्हाही खेळले होते.” हे त्यानं कुठून पाठ केलं कोण जाणे. शिवाजी महाराजांचं जन्मसाल विचारलं तर हाच मुलगा छताकडे बघतो.

“आणि तुमचं फुटबॉल रविवारी असतं ना? बुधवारी कोण खेळतं?”

हा घाव वर्मी लागला. कारण सुधीररावांनाही ते मान्य होतं. त्यांचे खेळाडू शनिवारी एक सामना खेळून, तीन दिवसांत अंग शेकून पुन्हा उभे राहिले होते. हाडं मोडायच्या खेळात ही घाई कशाला? तर सुट्टीच्या दिवशी घरात अडकलेली एवढी माणसं बास्केटबॉलला का सोडायची, म्हणून. ठाण्यात एका पुढाऱ्यानं वर्षानुवर्षं हंडी बांधावी आणि दुसऱ्यानं शेजारच्या चौकात दुप्पट बक्षिसाची बांधावी, तसलाच प्रकार. दोन सामन्यांसाठी नेटफ्लिक्सनं पंधरा कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. आमच्या घरी नेटफ्लिक्स होतं ते सासूबाईंना हिंदी सिनेमे बघता यावेत म्हणून.

मी चिरंजीवांना म्हटलं, तू फोनवर बघ. त्यानं माझ्याकडे, मी त्याला गच्चीत झोपायला सांगितल्यासारखं पाहिलं. मग सुधीररावांना म्हटलं, लॅपटॉप देऊ का? त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. जावई माणूस, जावयाच्याच घरी. बोलणार काय? फक्त टॉवेलची घडी उलगडली.

शेवटी रिमोट माझ्या हातात आला. मला या दोन्ही खेळांतलं काही कळत नाही, हीच माझी पात्रता. पंधरा-पंधरा मिनिटं आलटून पालटून, असा निवाडा मी दिला. पण फुटबॉलमध्ये पंधरा मिनिटांत काय घडतं? घड्याळात साठ मिनिटांचा खेळ चालतो तीन तासांच्या वर, आणि त्यातली प्रत्यक्ष धावपळ कुणीतरी मोजली तर ती भरली अकराएक मिनिटं. उरलेला वेळ माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, उठतात आणि रिंगण करून कुजबुजतात.

“यांची मीटिंग कधी संपायची?” सासूबाईंनी मटार सोलता सोलता विचारलं.

“आई, ते पुढची चाल ठरवतायत.”

“मग घरून ठरवून यायचं.”

बास्केटबॉलचं उलट. तिथं चोवीस सेकंदांच्या आत चेंडू टाकावाच लागतो, त्यामुळे चॅनल बदलेपर्यंत निक्स पुढचे मागे गेलेले असायचे. समोरच्या संघात वेम्बन्यामा नावाचा सात फूट तीन इंची फ्रेंच पोरगा होता. त्यानं ४२ गुण केले. तो पडद्यावर आला की सासूबाई हातातलं काम थांबवायच्या. “याला मुलगी कशी शोधली असेल हो?” त्याचं लग्न झालेलं नाही, तो जेमतेम विशीचा आहे, असं नातवानं सांगितल्यावर त्या आणखीच काळजीत पडल्या.

स्वयंपाकघरातही तणाव होता. सुट्टी म्हणून मी मटणाचं स्वप्न पाहिलं होतं, पण मार्गशीर्ष चालू होता आणि दुसऱ्याच दिवशी शेवटचा गुरुवार, महालक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन. म्हणून मटारची उसळ, भरीत, भाकरी. बायकोनं तीनदा हाक मारली. तिन्ही वेळा कुणीतरी ‘दोनच मिनिटं’ म्हटलं. तेव्हा सुधीररावांनी, मला वाटतं विषय बदलावा म्हणून, १९७१ सालची गोष्ट काढली. त्या नाताळला कॅन्सस सिटी आणि मायामी यांचा सामना बरोबरीत अडकला आणि लांबत लांबत ८२ मिनिटं ४० सेकंद चालला. एनएफएल या त्यांच्या मुख्य फुटबॉल स्पर्धेतला सगळ्यात लांब सामना तो हाच. देशभर नाताळची जेवणं खोळंबली, एवढा ओरडा झाला की पुढे १९८९ पर्यंत त्या दिवशी सामनाच ठेवला नाही.

“म्हणजे तेव्हा बायकांचं कुणीतरी ऐकत होतं,” मेहुणी भाकरी थापतच म्हणाली. आम्ही उठलो.

निक्स तीन गुणांनी जिंकले. चिरंजीवांनी घरभर नाचून घेतलं. आता टीव्ही पूर्णपणे सुधीररावांचा झाला, आणि तेवढ्यात स्टीलर्स हरायला लागले. टॉवेल आधी जोरात फिरला, मग हळू, मग मांडीवर पडला. २९-१०. शेवटी शेवटी तर चिरंजीवांनीच त्यांच्या शेजारी बसून ‘काका, पुढच्या वेळी’ म्हटलं. पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

साडेचारचा दुसरा फुटबॉल सामना आमच्यापैकी कुणाच्याच संघाचा नव्हता. पण मध्यंतरात बियॉन्से गाणार होती, त्यामुळे ज्या दोघींनी दिवसभर टीव्हीकडे पाठ केली होती त्या भांडी तशीच टाकून पुढच्या सोफ्यावर येऊन बसल्या. रिमोट माझ्या हातून कधी गेला ते कळलंही नाही. बियॉन्से पांढऱ्या घोड्यावर बसून आली.

“वरात!” सासूबाई खुलल्या. “पण नवरी घोड्यावर?”

कुणी चॅनल बदललं नाही, कुणी ‘दोनच मिनिटं’ म्हणालं नाही. आमच्या घरात त्या दिवशी एकमतानं पाहिलेला कार्यक्रम तेवढाच. नंतर खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा सोफ्यावर मी आणि घोरणारे सुधीरराव उरलो होतो.

आकडे पुढे आले. फुटबॉलचे दोन्ही सामने अमेरिकेत सरासरी दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास लोकांनी पाहिले, बास्केटबॉलचे पाच सामने सरासरी बावन्न लाखांनी. सुधीररावांनी लगेच फोन केला. पण चिरंजीवांकडेही आकडा तयार होता. म्हणे गेल्या पाच वर्षांतला बास्केटबॉलचा हाच सगळ्यात चांगला नाताळ, आणि बास्केटबॉलचा बडा खेळाडू लेब्रॉन जेम्सनं त्याच रात्री सांगितलंय की नाताळ आमचाच. बाजार समितीच्या निवडणुकीनंतर दोन्ही पॅनेलं गुलाल उधळतात, तसे दोघेही जिंकलेले. घरोघरचे प्रेक्षक मोजायचा डबा आमच्या घरी नाही, म्हणजे आमची एवढी भांडणं कुणाच्याच हिशेबात धरलेली नाहीत, हे मी सांगायला गेलो तर दोघांनी एकदमच मला गप्प केलं.

पण खरी गंमत गुरुवारी सकाळी झाली. सुधीरराव परतायला निघाले आणि टॉवेल सापडेना. सोफ्याखाली पाहिलं, गाडीत पाहिलं. मग देवघराशी येऊन ते जागच्या जागी थांबले. चौरंगावर, अक्षरांची बाजू खाली करून, तो नीट अंथरलेला होता. वर तांदूळ, तांदळावर कलश, कलशात पाच पानं आणि नारळ. महालक्ष्मी प्रसन्न दिसत होती.

“सुधीरराव, अगदी वेळेवर पिवळं वस्त्र आणलंत हो,” सासूबाई म्हणाल्या. “इथं चांगलं कापड कुठं शोधणार होते मी?”

सुधीररावांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नमस्कार केला. मांडलेला घट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायचा नसतो. टॉवेलशिवाय ते पिट्सबर्गला गेले.

त्यानंतर त्या मोसमात स्टीलर्स दोन सामने खेळले आणि दोन्ही हरले. दुसऱ्या हारीनंतर रात्री त्यांचा फोन आला. संघाचं नावही न घेता म्हणाले, “ते आईंकडचं... पिवळं... तेवढं पाठवून द्याल का?”

मी सासूबाईंना विचारलं. त्या बॅग भरत होत्या. टॉवेल घडी घालून लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांवर ठेवलेला दिसला.

“हळदीकुंकू लागलंय त्याला,” त्या म्हणाल्या. “आता सांगलीला नेते. त्यांना म्हणावं, तुमच्याकडून दर मार्गशीर्षात पूजा होईल.”