१४ महिने त्या जागेला कुणी हात लावला नव्हता

आज तासगावला मामाकडे उष्टावण होतं. मामेबहिणीचा मुलगा सात महिन्यांचा झाला. पाटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, माझ्या मामेभावाने भाच्याला खिरीचं पहिलं बोट चाटवलं, सगळे हसले. मग बाळ आईकडे झेपावलं आणि तिच्या मांडीवर उभं राहताना त्याचा पाय तिच्या ओटीपोटावर पडला. तिने आवाज केला नाही. ओठ आवळले आणि बाळाला पटकन बाजूला धरलं. जिचं सिझर झालंय तिला ते बाजूला धरणं लगेच ओळखू येतं.

मी हळूच विचारलं, "अजून दुखतं?" तिने मान हलवली. तेवढ्यात आमची मोठी मावशी म्हणाली, "टाक्यांचं किती दिवस धरून बसायचं गं? सात महिने झाले. सिझरवालीला कळा तरी कुठे सोसाव्या लागतात!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बाळाला घेऊन आत गेली. घरात कार्य, म्हणून मी गप्प बसले. आता बसमध्ये बसून लिहितेय.

कळा सोसाव्या लागत नाहीत? मी १९ तास कळा दिल्या. मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून मला आत नेलं. सिझर झालं नसतं तर आज माझी लेक नसती, कदाचित मीही नसते. हे मी कधीच विसरत नाही, त्यामुळे सिझरच्या विरोधात लिहितेय असं कुणी समजू नका. पण जीव वाचला म्हणून दुखणं सांगायचंच नाही, हा कुठला हिशेब?

पोटाचे किती थर उघडतात माहीत आहे? कातडी, चरबी, त्याखालचं चिवट आवरण, मग स्नायू (ते कापत नाहीत, मधून बाजूला सारतात), पोटाच्या आतलं अस्तर आणि शेवटी गर्भाशय. कातडीवर दिसते ती वीतभरसुद्धा नसलेली रेघ. आत मात्र हे सगळे थर आपापले भरून येतात आणि भरताना एकमेकांना चिकटू शकतात. हे मला बाळंतपणानंतर १४ महिन्यांनी कळलं, तेही डिस्चार्जच्या कागदावरून नाही. त्या कागदावर एवढंच होतं: टाके कोरडे ठेवा, जड उचलू नका.

सव्वा महिना आमच्याकडे मालिशवाल्या मावशी येत होत्या. लेकीची मालिश, मग धुरी, मग माझी पाठ, पाय, खांदे. पोटाशी आल्या की हात उचलायच्या. "सिझरचं पोट, नको बाई." त्यांचं बरोबरच होतं, ओल्या जखमेला हात लावूच नये. पण त्या 'नको'ची मुदत कधी संपते, हे मला कुणी सांगितलं नाही. ना डॉक्टरांनी, ना आईने, ना सासूबाईंनी. मग मीही त्या जागेला हात लावणं सोडून दिलं. अंघोळ करताना तिथे नुसता मगाने पाणी ओतायचे. आरशात बघायचे नाही. परकराची नाडी नेमकी तिथे काचायची म्हणून साडी बंद, जीन्स बंद. लेक पोटावर लोळायला आली की दचकायचे. आपल्याच लेकीला दचकायचं! खोकला आला की डावा कोपरा जळायचा आणि ती जळजळ थेट जांघेत उतरायची. सांगितलं की सगळ्यांकडे एकच उत्तर तयार असायचं, पाठीत इंजेक्शन दिलेलं असतं ना, राहतं थोडं. दुखणं पुढे आणि उत्तर पाठीचं!

त्याच वर्षी सासऱ्यांचा गुडघा बदलला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट पलंगापाशी हजर. घरी आल्यावर महिनाभर रोज यायचा. संध्याकाळी अख्खं घर विचारायचं, आज किती वाकला? ९० अंशांपर्यंत गेला त्या दिवशी पेढे वाटले. सासऱ्यांवर माझा जीव आहे, त्यांना मिळालं ते मिळायलाच हवं होतं. पण त्याच घरात, त्याच वर्षी, माझंही पोट उघडून शिवलं होतं. वाकता येतं का, कुशीवर वळता येतं का, असं मला एकाही माणसाने विचारलं नाही. मी तर सहाव्या आठवड्यात बाळाला कडेवर घेऊन कणीक मळत होते.

मला फिजिओथेरपीचा रस्ता दाखवला तो ऑफिसातल्या एका मैत्रिणीने. सिझरच्या टाक्यांवरही उपचार असतो यावर माझा विश्वासच बसला नाही. तरी गेले. पहिल्या दिवशी त्या फिजिओताईंनी जखमेला हात लावलाच नाही. अर्धा तास नुसतं विचारत होत्या. गाठ लागते का, पाळीच्या दिवसांत जास्त दुखतं का, खोकल्यावर काही फुगून वर येतं का, डॉक्टरांनी तपासलंय का. मग गुडघ्यांखाली उशी देऊन झोपवलं आणि श्वास पोटापर्यंत घ्यायला लावला. मला येईना. १४ महिने मी पोट आत आवळून श्वास घेत होते, हे मला तिथे कळलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "हात लावू का?" मी हो म्हणाले. आधी कापसाचा बोळा फिरवला, मग टॉवेलचं टोक, म्हणजे त्या जागेला स्पर्शाची सवय व्हावी. आणि मग दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली. मी रडायला लागले. दुखलं म्हणून नाही. त्यांनी बोटं काढली नाहीत, घाईही केली नाही. म्हणाल्या, "रडा. बऱ्याच जणी रडतात इथे."

मैत्रिणींनो, त्या दोन बोटांचं मी काय वर्णन करू? ज्या जागेतून माझी लेक आली, ती जागा मी वर्षभर परक्याच्या सामानासारखी वागवली होती.

मग काम सुरू झालं. कातडी वर-खाली सरकवायची, डावी-उजवीकडे, छोटे छोटे गोल, आणि पुढच्या आठवड्यांत चिमटीत धरून अलगद उचलायची. उजवीकडे सरकत होती. डाव्या कोपऱ्यात हलतच नव्हती, जणू खालच्या थराला टाचून टाकलीय. ताईंनी फार छान सांगितलं. म्हणाल्या, "निऱ्यांना एकच पिन लावली की एक निरी ओढली तरी सगळ्या ओढल्या जातात. तुमच्या पोटात तसंच झालंय." छेदाच्या टोकांजवळून जांघेकडे बारीक नसा जातात, त्या तिथे ताणल्या किंवा दाबल्या गेल्या तर जळजळ खाली उतरते, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे माझं दुखणं जांघेत का जायचं याला कारण होतं. मनाचे खेळ नव्हते ते!

आठ आठवडे, आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे आणि रोज घरी पाच मिनिटं. ताण जाणवला तर चालेल, टोचलं-जळलं की थांबायचं, एवढाच नियम. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एका रात्री मी कुशीवर वळले आणि वळल्यावर लक्षात आलं की हाताने पोट धरलं नव्हतं. सगळं गेलं असं नाही. रेघेच्या वर दोन बोटांचा पट्टा अजून बधिर आहे. पण लेक पोटावर डोकं ठेवून झोपते आणि मी दचकत नाही.

या उपचारावर मोठमोठे अभ्यास झालेले नाहीत, असं एक डॉक्टर मैत्रीण मला सुनावते. बरं, असेल. मग करा ना अभ्यास! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरची होती. देशभरातल्या खासगी दवाखान्यांमधली ४७.४ टक्के. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात चारातली एक बाई! या आडव्या छेदाला फानेनस्टील नावाच्या जर्मन डॉक्टरचं नाव आहे, त्याने १९०० साली त्याचं वर्णन केलं. सव्वाशे वर्षं झाली. छेद कसा घ्यायचा, कसा शिवायचा यावर केवढं लिहिलं गेलं, आणि तो भरल्यावर बाईने काय करायचं हे सांगायला डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटं मिळत नाहीत.

सगळ्यांनाच दुखत नाही, हेही मान्य. माझी जाऊ दोन सिझरनंतर टुणटुणीत आहे. आणि हे वाचून कुणी लगेच तेलाची बाटली घेऊन बसू नका. जखम पूर्ण भरायला हवी, डॉक्टरांनी बघायला हवी, दीड-दोन महिन्यांच्या आत तर नाहीच. टाक्यात गाठ असेल आणि ती पाळीच्या वेळी दुखत असेल, खोकल्यावर फुगा येत असेल, लाली, ताप, पू असेल, तर चोळायचं नाही, आधी डॉक्टर. नस खरंच अडकली असेल तर नुसत्या हातांनी भागत नाही, इंजेक्शनही लागू शकतं. आणि कुठल्याही मालिशवालीकडून पोट रगडून घेऊ नका. शिकलेला हात वेगळा असतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. आता मावशीचं पुढचं सांगते, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल.

जेवणं झाल्यावर मी मागे भांडी विसळत होते, ती येऊन शेजारी बसली. मी बोलत नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "माझं उभं आहे. बेंबीपासून खाली." मावशीच्या धाकट्याच्या वेळी सिझर झालं होतं हे मला माहीत होतं, पण ती त्यावर कधी एक शब्द बोललेली नाही. धाकटा आता ३८ वर्षांचा आहे. म्हणाली, "थंडीत ओढतं अजून. मी तिथे हात लावत नाही बघ. मगाने पाणी ओतते नुसतं."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ३८ वर्षं! मी १४ महिन्यांचं दुःख घेऊन सगळ्या जगावर चिडले होते. तिला कुणी विचारलं असेल? तिला तरी हेच सांगितलं असेल ना, की किती दिवस धरून बसायचं. जे ऐकलं तेच तिने आज पोरीला ऐकवलं. बोलली ते चुकीचंच होतं, मी ते सोडणार नाही. पण निघताना तिच्या पाया पडले तेव्हा तिने माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

सांगली जवळ आली. आत्ताच मामेबहिणीचा मेसेज आलाय. "ताई, माझा डावा कोपरा जळतो. तुझाही डावाच होता का?"

हो गं, डावाच. तिला लिहिलंय की मंगळवारी बाळाला मामीकडे ठेव आणि ये. आधी तुझ्या डॉक्टरांना दाखवू, मग फिजिओताईंकडे. मी रजा टाकतेय.