‘विलायती सनई’ या शब्दप्रयोगावरील आक्षेपाला उत्तर

स. न. वि. वि.

ओबो या पाश्चात्त्य वाद्यावरील माझ्या लेखाखाली आपण निपाणीहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे असे, की चाव्यांनी, म्हणजे भोके झाकणाऱ्या धातूच्या झाकणांनी, मढलेल्या ओबोला मी म्हटले तसे ‘विलायती सनई’ म्हणणे हा केवळ दमावर आणि बोटांवर चालणाऱ्या आपल्या सनईचा अवमान आहे. तुलनाच करायची तर ती वरातीच्या बँडमधल्या क्लॅरिनेटशी करायला हवी होती. आणि ओबो मुळात सनईवरूनच तयार झाला, हे मी दडवले, असाही आपला आक्षेप आहे. ‘मग उद्या आमच्या लग्नातही ओबोच लावायचा का?’ असेही आपण शेवटी विचारले आहे.

शब्दप्रयोग मी मागे घेत नाही, आणि त्याचे कारण चाव्यांपासूनच सांगतो. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या दरबाराशी संबंध असलेल्या ओतेतेर आणि फिलिदोर घराण्यांतील वादक-कारागिरांनी ओबो घडवला, असे सामान्यतः मानले जाते. पुढे जर्मन संगीतकार बाखच्या हयातीत, म्हणजे १७५० पर्यंत, त्यावर जेमतेम दोन-तीन चाव्या असत आणि बाकीचे सारे काम उघड्या भोकांवर बोटांनीच चाले. आज दिसणारे चाव्यांचे जाळे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातले, त्यातही पॅरिसच्या त्रिएबेर घराण्याच्या कारखान्यातले. चाव्यांचे हे जाळे नव्हते तेव्हाही तो ओबोच होता. सनईवादक भोक अर्धवट झाकत, बोट हळूहळू सरकवत स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी जी मींड काढतो ती आजच्या ओबोवर तितक्या सहजतेने निघत नाही, कारण मध्ये धातूची झाकणे आली. तेव्हा चाव्या नसणे हे सनईचे उणेपण आहे, असे मी मूळ लेखातही कोठे म्हटलेले नाही.

नाते ठरते ते फुंकरीने कंप पावून आवाज काढणाऱ्या पत्तीवरून आणि नळीच्या आतल्या पोकळीवरून, आणि क्लॅरिनेट या दोन्ही कसोट्यांवर मागे राहते. त्याला मुखनळीवर बांधलेली एकच पत्ती असते आणि आतली पोकळी जवळजवळ शेवटपर्यंत सारख्या रुंदीची असते. ओबो आणि सनई यांत दोन पत्त्या एकमेकींवर कंप पावतात आणि पोकळी तोंडाशी अरुंद, पुढे रुंदावत जाणारी असते. हा फरक कानांनी पडताळता येतो. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला षड्ज (सा) धरायला सांगावे आणि बोटे तशीच ठेवून अंगठ्याजवळची चावी उघडायला सांगावी. वरचा षड्ज येणार नाही, त्याच्याही पलीकडचा, मध्य सप्तकातला पंचम (प) येईल. सनईवर बोटे तशीच ठेवून पत्ती ओठांनी आवळून दम वाढवला, तर नेमका वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो, आणि ओबोवरही तोच मिळतो. बँडवाले फिल्मी गाण्यात सनईचे तुकडे क्लॅरिनेटवर हुबेहूब काढतात हे खरे, पण ती त्यांच्या हाताची करामत. (बेळगावात ओबोचा जवळचा नातलगच पाहायचा असेल, तर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पाइप बँडकडे पाहावे. बॅगपाइपच्या ज्या नळीवर धून वाजते ती रुंदावत जाणारी आणि दुहेरी पत्तीची असते, आणि जोडीच्या अखंड गुंजणाऱ्या नळ्या सनईवाल्यामागे सूर धरून बसलेल्या साथीदाराचेच काम करतात.)

पत्तीविषयी आपण काहीच लिहिले नाही, याचे मला थोडे नवल वाटले, कारण दोन्हीकडच्या वादकांचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. सनईच्या गळ्याशी दोऱ्याने लोंबणाऱ्या जादा पत्त्या आणि पत्तीचे तोंड उघडण्याची सुई आपण पाहिलीच असेल. ओबोवादकाच्या डबीतही अशाच पत्त्या असतात. अरुंडो डोनॅक्स नावाच्या बोरूसारख्या उंच गवताची चीप दुमडून, धातूच्या बारीक नळीवर दोऱ्याने आवळून, टोकाशी केसाएवढी पातळ होईपर्यंत ती सुरीने तासावी लागते, आणि अनेक वादक हे काम स्वतःच करतात. हवा कोरडी-दमट झाली की दोघांचीही पत्ती रुसते.

उगमाचा मुद्दा थोडक्यात. सनईवरून ओबो झाल्याचा पुरावा नाही. ओबोच्या आधी युरोपात शॉम हे वाद्य होते आणि त्याचा संबंध पश्चिम आशियातील सुरना-झुरना या वाद्यांशी जोडला जातो. सनईही त्याच विस्तृत कुळातली. आपल्याकडे तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या संगीतरत्नाकरात मधुकरी या पत्तीच्या सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्याचे वर्णन आहे, म्हणजे आपली परंपराही जुनी आहे. पण जुनी असणे वेगळे आणि दुसऱ्याची जननी असणे वेगळे.

राहिला लग्नाचा प्रश्न. ओबो लावू नये, असेच मीही म्हणेन. शॉमचा उघड्यावर घुमणारा कर्कश आवाज दरबारातल्या आणि नाट्यगृहातल्या व्हायोलिनांशी जुळावा म्हणून नळी अधिक अरुंद करून आणि पत्ती ओठांच्या ताब्यात आणून जो मवाळ केला गेला, तोच ओबोचा आवाज. मांडवात चौघडा किंवा संबळ सुरू झाल्यावर तो तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचणार नाही. तेथे सनईच हवी.

आपला,
लेखक