मामांचं सिंगापूर आणि माझं

रविवारी मामांचा डोंबिवलीहून फोन येतो. मध्यंतरी ते म्हणाले, "निकोबारच्या ग्रेट निकोबार बेटावर सरकार मोठं बंदर आणि शहर उभारणार, तिथे आता आपलं सिंगापूर होणार. तू तर सिंगापुरातच राहतोस, आनंद झाला असेल ना?"

त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. भारताचा जो माल मोठ्या जहाजांवर चढवण्यासाठी मधल्या बंदरात बदलावा लागतो, त्यातला जवळजवळ 75 टक्के परदेशी बंदरांत जातो, आणि त्यातलाही बहुतेक कोलंबो, मलेशियातलं क्लांग आणि सिंगापूरलाच. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आपलं ठाणं असावं हेही खरं. बंदराने या शहराला काय दिलं ते मी रोज बघतो, माझी नोकरीही त्यावरच उभी आहे.

पण मामांना मला चेक जावाची गोष्ट सांगायची आहे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा माणसं जमली की उबिन बेटाची बोट सुटते. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा. ओहोटीला पाणी मागे सरकतं आणि समुद्रगवत, तारामासे, समुद्रकाकड्या उघड्या पडतात. 2001 मध्ये इथे भराव पडणार हे ठरलेलं होतं. मग निसर्गप्रेमी आणि संग्रहालयाचे स्वयंसेवक चिखलात उतरले, एकेक जीव मोजून नोंदवला. सामान्य लोक मुलाबाळांसकट बघायला लोटले. डिसेंबरात सरकारने भराव पुढे ढकलला. रद्द नाही केला, पुढे ढकलला. तरी आज तिथे लाकडी पुलावरून खारफुटी बघता येते.

हे शहाणपण फार उशिरा आलं. मूळ जंगलाचा 95 टक्क्यांहून जास्त भाग तोवर गेला होता. समुद्रात भराव घालून देश सुमारे 580 चौरस किलोमीटरवरून 730 च्या पुढे गेला, त्याखाली किती प्रवाळ गाडलं गेलं! जमीनच नव्हती, हे त्यांचं कारण मला समजतं. आपल्याला ते कारण पुढे करता येत नाही.

ग्रेट निकोबार सगळं मिळून साधारण 910 चौरस किलोमीटरचं. त्यातली 166 चौरस किलोमीटर जमीन बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नव्या शहरासाठी, पैकी 130 जंगलाची. सरकारी अंदाजानेच साडेनऊ लाखांवर झाडं जाणार. बदल्यात झाडं लावायची ती हरियाणात! ज्याने कुणी ही ओळ लिहिली त्याने विषुववृत्ताजवळचं पावसाळी जंगल पाहिलेलं नसावं. बेटावरच्या गॅलेथिया उपसागराच्या वाळूत लेदरबॅक कासवं अंडी घालतात, तिथल्या अभयारण्याचा दर्जा जानेवारी 2021 मध्ये काढून घेतला गेला. त्याच किनाऱ्यालगत मेगापोड पक्षी माती आणि पाचोळ्याचा ढीग रचून त्याच्या उबेवर अंडी उबवतो. प्रवाळाच्या 20,668 वसाहतींपैकी 16,150 उचलून दुसरीकडे लावायच्या आहेत. इथे सिंगापुरातही प्रवाळ हलवून पाहिलंय. काही जगतं, काही मरतं, आणि ते संख्येने यापेक्षा कितीतरी कमी होतं.

आणि माणसं? बेटाच्या जंगलात राहणारे शोंपेन आदिवासी जेमतेम दोनअडीचशे आहेत. बाहेरच्या साध्या तापाने त्यांचं काय होईल? 2004 च्या त्सुनामीत किनाऱ्यावरची गावं गेलेले निकोबारी परत जायला मागताहेत. त्यांच्या परिषदेने दिलेली संमती नोव्हेंबर 2022 मध्ये मागे घेतली. त्याच त्सुनामीच्या भूकंपात बेटाच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या वर खचली होती. अशा जमिनीवर बंदर बांधायचं, तर पर्यावरण-अभ्यासात एका हंगामाच्या नोंदींवर भागत नाही. आणि हरित लवादाने 2023 मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल गोपनीयतेचं कारण देऊन लोकांपुढे ठेवला गेला नाही.

सिंगापूर काही सरळ नाही, बरं का. 2021 मध्ये क्रांजीचं रान अभ्यास पुरा व्हायच्या आत तोडल्याचं उघड झालं होतं. पण क्रॉस आयलंड मेट्रोचा बोगदा राखीव जंगलाखालून न्यायचं ठरत होतं तेव्हाचं आठवतं. 2016 मधला परिणाम-अहवाल आधी वेळ घेऊन कार्यालयात जाऊनच वाचता येई. लोक बोलले, तो इंटरनेटवर आला. शेवटी 2019 मध्ये बोगदा जंगलाखालूनच न्यायचं ठरलं, पण सुमारे 70 मीटर खोल.

मामांना सिंगापूर हवं असेल तर त्यांनी हे मागावं. संरक्षणाची पानं झाकून ठेवा, कुणाची हरकत नाही. कासवांची, प्रवाळाची आणि शोंपेनांची पानं मात्र झाडावर पहिली करवत पडण्याआधी वाचायला द्या.