पांढऱ्या शिरांचं प्रत्येक काटेरी पान मिल्क थिसल नसतं हो!

बागेतल्या थिसलवरचा (थिसल म्हणजे काटेरी पानांची, गोंड्यासारख्या फुलांची झाडं) तो 'पाच टिप्स'वाला फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. मी एरवी वाचून सोडून दिला असता, पण काल मावशीने फोटो पाठवला, "हेच का गं ते? पानं उकळायला ठेवतेय." माझे हातपायच गार पडले.

कारण टीप नंबर चार म्हणते की काटेरी पानावर पांढऱ्या शिरा दिसल्या की ते मिल्क थिसल, काढा करून रोज प्या, लिव्हर साफ. मावशीच्या फोटोतला होता पिवळा धोत्रा! पानं दिसतात खरी सारखी, म्हणून तिला म्हटलं देठ मोडून बघ, तर बोटाला हळद लागल्यासारखा पिवळा चीक. मिल्क थिसलला असा चीक येत नाही, त्याचं फूलही जांभळा गोंडा, आणि धोत्र्याचं पिवळं, पातळ कागदासारख्या पाकळ्यांचं. या धोत्र्याच्या बियांत सँग्विनारीन नावाचं विष असतं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांच्या तेलाची भेसळ झाली, लोकांच्या पायांना सूज आली, हृदयावर परिणाम झाला, ६० हून जास्त माणसं गेली. आणि फॉरवर्डवाला म्हणतो रोज प्या!

बरं, मिल्क थिसलमध्ये सिलिमारिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यावर लिव्हरसाठी अभ्यास झालेत, हे मान्य. पण ते मुख्यतः बियांत, पानांच्या काढ्यात नाही, आणि अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत.

बाकीच्या टिप्स पटापट. रोज पाणी, भरपूर खत? बागेत लावतात त्या गोल फुलांच्या ग्लोब थिसलला ऊन आणि निचरा लागतो, पाणी साचलं की मूळ कुजतं, खत जास्त झालं की दांडे लोळतात. वर्षाला जागा बदला? सोटमूळ खोल जातं हो, झाड रुसतं, आणि तुटलेला मुळाचा तुकडा जुन्या जागी राहिला तर तिथूनही फुटतं, म्हणजे एकाची दोन. सी होली ही बागेतली वनस्पती पण थिसलच? नाही, ती गाजर-कोथिंबिरीच्या घरातली, नुसती काटेरी.

सुकलेली बोंडं ठेवा म्हणे, पक्षी येतात. येतात, अर्धं बरोबर आहे. पण उरलेलं बी गळून सगळीकडे रोपं उगवतात, म्हणून मी निम्मी बोंडं सुकायच्या आधीच छाटते.

मावशीने भांडं रिकामं केलंय. आता विचारतेय, ग्लोव्हज न घालता उपटलं तर चालेल का.