'दया' या शब्दावरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

संतसाहित्यातील 'दया' या शब्दावरच्या माझ्या लेखाविषयी आपण लिहिले आहे की, या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली असतो, म्हणून संतांच्या संदर्भात 'करुणा' म्हणावे, 'दया' म्हणू नये. आजच्या भाषेपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. 'दयेवर जगणे', 'दयेचा अर्ज' या प्रयोगांत उतरंड आहेच, आणि हक्क मागणाऱ्यांच्या पदरात दया टाकली जाऊ लागली तेव्हा दलित साहित्याने ती नाकारली, हे योग्यच झाले. परंतु हा अर्थ तुकोबांच्या ओळींवर लादणे मला पटत नाही.

'दया करणें जें पुत्रासी । तेचि दासा आणि दासी' असे तुकोबा म्हणतात. पोटच्या मुलाविषयी जे वाटते तेच दासीविषयी वाटावे, अशी ही अपेक्षा आहे, आणि मुलावर कोणी उपकार म्हणून दया करत नाही. दुसऱ्या अभंगात ते आणखी पुढे जातात: 'दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें'. पीडा देणाऱ्यांचा बंदोबस्तही ज्या शब्दात येतो, त्याला नुसता हळवा शब्द कसे म्हणावे? ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात तर दयेचे विवरण करताना, पायात काटा रुतला की व्यथा जिवात उमटते, तसे दुसऱ्याच्या संकटाने पोळणे सांगितले आहे. पाय आणि जीव एकाच देहाचे; तेथे दाता कोण आणि याचक कोण?

आपणही सोलापूरचे आहात, म्हणून कन्नड वचनाची आठवण करून देतो. 'दयवे धर्मद मूलवय्या', म्हणजे दया हेच धर्माचे मूळ, असे बाराव्या शतकात बसवण्णा म्हणाले, आणि जन्मावरून उच्चनीच ठरवणे नाकारणाऱ्या ज्या शरणांमध्ये, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतील शिवभक्तांमध्ये, हा शब्द रुजला, त्यांच्यातच आपले सिद्धरामेश्वर होते. करुणेशी ज्यांचे नाते आपण सांगता त्या बौद्ध ग्रंथांनाही हा शब्द परका नाही. दीघनिकायात हिंसा सोडलेल्या भिक्खूला 'दयापन्न', म्हणजे दयेने युक्त, म्हटले आहे.

आपला आक्षेप खरा लागू पडतो तो अशा आधुनिक कथांना, ज्यांत मालकाला गड्याची दया येते, डोळे भरून येतात आणि गड्याची मजुरी मात्र होती तेवढीच राहते. त्या कथांवर आपण सविस्तर लिहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.